मारिसा मोंते : रोमचा ऑपेरा, रिओचा सांबा आणि मधला सोल

सायली_ब (धागाकर्ती)

सध्या माझ्या कानांचा ताबा मारिसा मोंते या ब्राझीलच्या गायिकेने घेतला आहे. मराठीत तिच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून म्हटलं आपणच धागा काढावा. ब्राझीलचं संगीत म्हटलं की आपली मजल कार्निव्हल आणि बोसा नोव्हाच्या पुढे सहसा जात नाही.

बाईंचा जन्म १९६७ चा, रिओ दि जानेरोचा. लहानपणी पियानो आणि ड्रम्स, मग चौदाव्या वर्षाच्या सुमारास रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं. ऑपेरा गायिका मारिया कालास हे दैवत. विशी गाठायच्या आत ती बेल कांतो, म्हणजे ऑपेरा गाण्याची जुनी इटालियन पद्धत, शिकायला थेट रोमला गेली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत परत आली. १९८७ मध्ये रिओत तिचा पहिला गाजलेला कार्यक्रम झाला, तो नेल्सन मोत्ताने बसवलेला. हा मोत्ता म्हणजे पत्रकार, गीतकार, निर्माता. एलिस रेजिना या ब्राझीलच्या मोठ्या गायिकेबरोबर काम केलेला माणूस. त्याची आणि मारिसाची गाठ इटलीतच पडली होती.

१९८९ मध्ये पहिला अल्बम आला, 'एमएम'. पहिलाच अल्बम आणि तोही श्रोत्यांसमोर गायलेला! त्यातली गाणी बघा: गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातलं युगुलगीत, कुर्ट वाइल, मार्विन गेने गाजवलेलं द्राक्षवेलीचं गाणं, टिम मायाचा सोल (मूळचं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत), लुइझ गोन्झागाचं ईशान्य ब्राझीलचं नाचगाणं, कांदेयाचा सांबा, तितांस या रॉक बँडचं गाणं, वर कार्मेन मिरांडा. यादी वाचून वाटतं की पोरगी वाट्टेल ते गातेय. पण अल्बम ऐकताना कुठे सांधा दिसत नाही.

गंमत म्हणजे इटालियन ऑपेरा सोडून आलेल्या या मुलीचं पहिलं हिट गाणं मुळात इटलीचंच. 'बेंग कि सि किस' हे गाणं नेपल्सच्या पिनो दानिएलेचं, मोत्ताने त्याला पोर्तुगीज शब्द दिले. पिनो दानिएले म्हणजे नेपल्सच्या बोलीत ब्लूज गाणारा माणूस. रोमला जाऊन तिने आणलं काय, तर नेपल्सचा ब्लूज!

आता मुद्द्याचं. ऑपेरा सोडला म्हणजे तिने नेमकं काय सोडलं आणि काय ठेवलं? माझ्या मते आवाजाचा जोर सोडला, ताबा ठेवला. तिचं शिक्षण मोठ्या आवाजात दिसत नाही, हळू आवाजात दिसतं. जाणकारांनी भर घालावी.

---

पाऊसवेडी

वा, मस्त धागा! मी फक्त 'त्रिबालिस्तास' ऐकलंय, तेही कॉलेजात एका मैत्रिणीने पेनड्राइव्हवर दिलं होतं म्हणून. त्यातली बाई हीच का? वाचतेय, येऊ द्या अजून.

---

सायली_ब

हो, हीच. २००२ चा तो अल्बम. मारिसा, आर्नाल्दो आंतुनेस आणि कार्लिन्योस ब्राउन, असे तिघं. अल्बम तुफान चालला, आणि या तिघांनी त्यानंतर दौराच काढला नाही. लोक वाट बघत राहिले. दौरा निघाला तो २०१७ च्या दुसऱ्या अल्बमनंतर.

---

खर्ज

सायली, 'जोर सोडला, ताबा ठेवला' हे बरोबर आहे, पण त्यामागचं गळ्याचं काम सांगतो. मी काही वर्षं चर्चच्या कॉयरमध्ये गायलो आहे, त्या बळावर.

ऑपेरात माइक नसतो. साठ-सत्तर वाद्यांवरून एका गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. वाद्यवृंदाच्या आवाजाचा सगळ्यात जास्त भार ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथून वर तो उतरत जातो. पुरुष गायक आणि खालच्या पट्टीच्या गायिका घशाची पोकळी अशी धरतात की ३००० हर्ट्झच्या आसपास त्यांच्या आवाजाला धार येते. तिथे वाद्यं क्षीण झालेली असतात, त्यामुळे गळा वर ऐकू येतो. सोप्रानोंची, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीच्या गायिकांची, युक्ती वेगळी. त्या वरच्या स्वरांवर जबडा उघडत नेतात, म्हणून तिथे अ, इ, उ सगळे सारखेच ऐकू येतात आणि शब्द हरवतात. ऑपेराच्या श्रोत्यांना ते चालतं. पॉपमध्ये शब्द हरवला की गाणंच गेलं.

म्हणजे माइकपुढे आल्यावर तिला हे सगळं उलटं फिरवावं लागलं. जबडा लहान, शब्द पुढे, श्वास ऐकू आला तरी चालेल. पण बेल कांतोत एक जुना रियाज आहे, 'मेसा दि वोचे'. एकच स्वर अगदी बारीक सुरू करायचा, फुगवत न्यायचा आणि तसाच परत बारीक करत विझवायचा. फुगवणं त्यामानाने सोपं. विझवताना मात्र श्वासाचा दाब कमी होतो आणि सूर खाली घसरायला बघतो, भल्याभल्यांची तिथे फजिती होते. मारिसाचं कुठलंही संथ गाणं घ्या आणि ओळीचा शेवटचा स्वर ऐका. स्वर सरळ लागतो, कंप नसतो, मग अगदी शेवटी थोडासा कंप येतो आणि स्वर विझतो, आणि सूर केसभरही हलत नाही. त्या रियाजातला अवघड अर्धा भाग तेवढा तिने उचललाय.

---

मूळ_सातारकर

धागा चांगला आहे, पण थोडं पाणी ओततो. वर्षभरसुद्धा न टिकलेल्या रोमच्या मुक्कामावर 'शास्त्रीय शिक्षण घेतलेली गायिका' हा शिक्का किती दिवस चालवायचा? आपल्याकडे कुणी दहा महिने क्लासला जाऊन आलं तर त्याला आपण काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे. रेकॉर्ड कंपन्यांना असली गोष्ट आवडते: ऑपेरा सोडून लोकांत आलेली मुलगी. कव्हरवर छापायला बरी.

आणि पहिल्या कार्यक्रमापासून मोत्तासारखा वजनदार माणूस पाठीशी असेल तर कुणीही वर येईल. गळा चांगला आहे, मान्य. बाकीचं कौतुक जरा बेतानं.

---

खर्ज

रोमच्या आधीची चार-पाच वर्षं तुम्ही वजा केलीत. चौदाव्या वर्षापासून शिकत होती ना. आणि कुणीही वर येईल म्हणताय, तर तो गर्श्विन गाऊन दाखवा, मग बोलू :)

---

साओपावलोतून

नोकरीनिमित्त बरीच वर्षं ब्राझीलमध्ये आहे, म्हणून घुसतो. तुम्ही सगळे रोम-रोम करताय, पण या बाईंची खरी शाळा रिओतच होती, आणि ती घरातच होती.

तिचे वडील कार्लोस मोंते पोर्तेला या सांबा-शाळेच्या सांस्कृतिक कामात होते. सांबा-शाळा म्हणजे क्लास नव्हे हं. ते मोहल्ल्याचं मंडळ असतं, कार्निव्हलची मिरवणूक काढणारं. पोर्तेला १९२३ ची, रंग निळा-पांढरा, निशाण गरुडाचं. वस्ती रिओच्या उत्तर भागातली, ओस्वाल्दो क्रुझ आणि मादुरेरा. तिकडे लोकल गाडीने जावं लागतं, समुद्र दिसत नाही, आणि कोपाकबानातले बरेच लोक आयुष्यात तिकडे गेलेले नसतात. मारिसा दक्षिण रिओतल्या खाजगी शाळेतली मुलगी. शाळेतल्या नाटकात 'रॉकी हॉरर शो' केलेली. पण वडिलांमुळे पोर्तेलाचे म्हातारे गायक तिला लहानपणापासून परके नव्हते.

या म्हाताऱ्यांच्या गटाला 'वेल्या ग्वार्दा' म्हणतात, जुनी मंडळी. १९७० मध्ये पाउलिन्यो दा व्हियोला या सांबा गायकाने त्यांचा पहिला अल्बम काढून दिला. त्यांच्याकडे शेकडो सांबा असे होते जे कधी ध्वनिमुद्रितच झाले नाहीत. कुणाच्या डोक्यात, कुणाच्या कपाटातल्या कॅसेटवर, कुणाच्या बायकोला पाठ. मारिसा नव्वदच्या दशकात या घरांतून फिरली, बसून ऐकलं, निवडलं आणि १९९९ मध्ये 'तुदु अझुल' हा अल्बम त्यांच्याच आवाजात काढला. निर्माती ती, गाणारे ते. मोनार्को, आर्जेमिरो, काशकिन्या, जाइर दो काव्हाकिन्यो, तिया सुरिका, तिया दोका. पुढे २००८ मध्ये त्यावर 'उ मिस्तेरिओ दो सांबा' हा माहितीपट आला, त्यात मारिसा स्वतः दारोदार फिरताना दिसते.

आता गाण्याचं बघा. सांबातल्या या म्हाताऱ्यांचे आवाज शिकवलेले नाहीत, कुणाचा घसा बसलेला, कुणाचा सूर जरासा खाली. त्यांच्या सोबत गाताना रोमचा गळा काढला असता तर शोभा झाली असती. १९९४ च्या अल्बममध्ये 'एस्ता मेलोदिया' हा सांबा तिने वेल्या ग्वार्दासोबत गायला आहे. ती तिथे किती साधी गाते ते ऐका. शास्त्रीय शिकलेल्या माणसाला हे सगळ्यात कठीण जातं असं मला वाटतं, आणि तिला ते जमलं कारण ती या चाली ऐकतच मोठी झाली होती.

---

दादरकर_काका

साओपावलोतून, झकास प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मला एक वेगळा धागा दिसतो. ब्राझीलच्या माणसाने ऑपेरात जायचं म्हणजे देश सोडायचा, हे शंभर वर्षांहून जुनं आहे. कार्लोस गोमेस हा त्यांचा मोठा ऑपेरा-संगीतकार. त्याचं 'इल ग्वारानी' मिलानच्या ला स्कालात १८७० मध्ये रंगमंचावर आलं. विषय ब्राझीलच्या आदिवासींचा, आणि भाषा इटालियन! नंतरची बिदू सायाऊ ही थोर सोप्रानो रिओची, पण कारकीर्द न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आणि शेवटही अमेरिकेतच. रिओचं म्युनिसिपल थिएटर १९०९ चं, तेसुद्धा पॅरिसच्या ऑपेरा हाउसवर बेतलेलं.

त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी रोममध्ये बसून विचार करते की पुढची तीस वर्षं मी परक्या भाषेत, मेलेल्या संगीतकारांची गाणी, घरापासून दूर गाणार का, तर तिने सामान आवरलं यात नवल नाही. सातारकर म्हणतात तसं हे अर्धवट सोडणं मला वाटत नाही. हिशोब करून घेतलेला निर्णय वाटतो.

आपल्याकडे हा पेच तितका नव्हता. माणिक वर्मांनी ख्यालही गायला आणि भावगीतंही, पण दोन्हीसाठी त्यांना घर सोडून परदेशी जावं लागलं नाही.

---

पुष्कर_नऊ

काका, आदरपूर्वक: प्रत्येक धाग्यात आपलं शास्त्रीय आणलंच पाहिजे का? ;) माणिकबाईंवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

मला सोलबद्दल विचारायचंय. शीर्षकात 'मधला सोल' म्हटलंय. ऑपेरा कळला, सांबा कळला. सोल कुठून आला?

---

सायली_ब

टिम मायाकडून. म्हणजे थेट शिकवणी नव्हे, पण ब्राझीलमध्ये सोल म्हटलं की त्याच्यापासूनच सुरुवात. रिओच्या तिजुका भागातला पोरगा, १९५९ मध्ये अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कजवळ राहिला, तिथल्या काळ्या लोकांच्या संगीतात मुरला आणि १९६३ मध्ये पोलिसांनी पकडून परत पाठवला. १९७० मध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि पोर्तुगीजमध्ये सोल गाता येतो हे लोकांना कळलं. सत्तरच्या दशकात रिओच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत सोलच्या रेकॉर्डींवर हजारोंचे नाच भरायचे, त्याला 'ब्लॅक रिओ' म्हणतात. मारिसा या सगळ्यात वाढलेली पिढी आहे. तिने पहिल्याच अल्बममध्ये टिम मायाचं 'चॉकोलाची' घेतलं ते उगीच नाही.

आणि १९९१ चा 'माइस' ऐक. निर्माता आर्तो लिंडसे, ब्राझीलमध्ये वाढलेला अमेरिकन, न्यूयॉर्कच्या कर्कश्श बँडांतून आलेला. वादकांत रियुइची साकामोतो आहे आणि पार्लमेंट-फंकाडेलिक या अमेरिकन फंक बँडचा कीबोर्डवाला बर्नी वॉरेल पण. फंकचा पाया तिथून आलाय. याच अल्बमपासून ती गाणी लिहायला लागली. 'बेइजा एउ' तिने आर्नाल्दो आंतुनेस आणि लिंडसेबरोबर रचलं. पहिल्या अल्बममध्ये ती दुसऱ्यांची गाणी गाणारी होती. इथे ती गीतकार-गायिका झाली.

---

फोंड्याचा_बाब

सगळे बोलून झाले, आता गोंयकाराला बोलू द्या. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले, आणि आजी रोज देवापुढे मराठी आरत्या म्हणायची. अशा घरातला मी. पोर्तुगीज समजतं, बोलताना अडखळतो.

गोव्यात आम्ही पोर्तुगीज गाणं म्हणजे फाडो, लिस्बनचं विरहगीत, समजतो. आमच्या सोनिया शिरसाट तो अप्रतिम गातात, लिस्बनलाही गाऊन आल्या आहेत. पण लिस्बनचं पोर्तुगीज आणि रिओचं पोर्तुगीज यांत गाणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. लिस्बनवाले जोर नसलेले स्वर गिळतात. शब्दात चार स्वर लिहिलेले असले तरी कानावर दोनच येतात, बाकी नुसते 'श्श' 'श्श'. रिओवाले सगळे स्वर उघडे ठेवतात आणि नाकातले स्वर लांबवतात. मारिसाचं आडनावसुद्धा तिकडे 'मोंची' असं ऐकू येतं.

खर्ज यांनी वर जबड्याचं लिहिलंय, त्याला हे जोडून बघा. इटालियनमध्ये शब्द बहुतेक उघड्या स्वरावर संपतात, म्हणून बेल कांतो त्या भाषेत फुलला. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही स्वर उघडे, म्हणजे रोममध्ये शिकलेलं घरी वाया गेलं नाही. जास्तीचं मिळालं ते नाकातलं 'आउं'. इटालियन गुरू नाकात गायलं की कान पकडतात, आणि रिओच्या भाषेत ते टाळून गाताच येत नाही. ती ते नाकातले स्वर अजिबात लपवत नाही. 'कोरासाउं' म्हणताना शेवट नाकात नेऊन तिथेच ठेवते. माझ्या मते तिच्या आवाजात जी ऊब वाटते ती बरीचशी तिथून येते.

अवांतर: २००० सालच्या अल्बममधल्या 'आमोर आय लव्ह यू' मध्ये मध्येच आर्नाल्दो आंतुनेस एक गद्य उतारा वाचतो. तो एसा दि केइरोश या पोर्तुगीज लेखकाच्या 'उ प्रिमु बाझिलियु' या १८७८ च्या कादंबरीतला आहे. आमच्या घरी आजोबांच्या कपाटात ती होती, वाळवी लागलेली. रेडिओवरच्या हिट गाण्यात एकोणिसाव्या शतकातली कादंबरी घुसवायची हिंमत पाहा.

---

पाऊसवेडी

बाब, हे भारी आहे! आता परत ऐकताना नाकाकडेच लक्ष जाणार.

---

मूळ_सातारकर

बाबांचा प्रतिसाद पटला. 'साओपावलोतून' यांचाही. पण दोघांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं हे लक्षात घ्या. तिला घडवलं पोर्तेलाने आणि भाषेने. रोमचा वाटा त्यात चवीपुरत्या मिठाएवढा.

दुसरं, 'लॅटिना' म्हणून तिची गणना करावी का? ब्राझीलचे लोक स्वतःला लॅटिन म्हणवून घ्यायला फारसे उत्सुक नसतात असं ऐकून आहे.

---

साओपावलोतून

खरं आहे. इथे रोजच्या बोलण्यात 'लॅटिन' म्हणजे शेजारचे स्पॅनिश बोलणारे. पण संगीतात भिंत एवढी पक्की नाही. लॅटिन ग्रॅमीत पोर्तुगीज गाण्यांचे वेगळे विभागच आहेत, आणि २००६ मध्ये सांबाचा पुरस्कार मारिसालाच मिळाला, 'उनिव्हेर्सो आउ मेउ रेदोर' साठी. त्या वर्षी तिने एकाच दिवशी दोन अल्बम काढले. एक हा सांबाचा, दुसरा 'इन्फिनितो पार्तिकुलार', तो पॉपचा. दोन्ही एकत्र करून एक काढला असता तर विकायला सोपा गेला असता. तिने वेगळे ठेवले.

---

दादरकर_काका

मेक्सिकोशी तिचा धागा जोडलेला आहेच. हुलिएता वेनेगास या मेक्सिकन गायिकेने २००८ मध्ये एमटीव्ही अनप्लग्ड केलं, त्यात पाहुण्या म्हणून मारिसा होती आणि मेक्सिकोचीच नातालिया लाफोर्केदही. या हुलिएताची गोष्ट मारिसाच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. तिहुआना या सीमेवरच्या शहरात वाढली, आठव्या वर्षापासून पियानो, पुढे चेलो आणि संगीतशास्त्र. मग रॉक बँड, मग मेक्सिको सिटी, आणि तिथे तिने गळ्यात अडकवला अकॉर्डियन.

उत्तर मेक्सिकोच्या नोर्तेन्यो संगीतात अकॉर्डियन असतो तो बटणांचा. त्यात एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. हुलिएताचा अकॉर्डियन पियानोच्या पट्ट्यांचा. उजव्या हाताला लहानपणापासूनची सवय, शिकायचा तो फक्त भाता. पियानोचा सूर वाजवल्या क्षणापासून विझायला लागतो. भात्याचा सूर हवा तितका टिकतो आणि मध्येच फुगवताही येतो. तिने ज्या चेलोवर गज चालवला होता, त्याचंच काम इथे भाता करतो. शास्त्रीय शिक्षणाने पॉपमध्ये काय दिलं याचा हा नमुना मला मारिसाच्या गळ्याइतकाच बोलका वाटतो. २००६ च्या 'लिमोन इ साल' ला ग्रॅमीही मिळालं.

(पुष्कर, बघा, माणिकबाईंचं नाव काढलं नाही.)

---

पुष्कर_नऊ

काका _/\_

---

खर्ज

सातारकरांच्या 'चवीपुरत्या मिठा'ला उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते लंडनमध्ये आहे.

१२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिम्पिकचा समारोप. पुढचं यजमान रिओ, म्हणून ब्राझीलला काही मिनिटं मिळाली. सुरुवातीला रस्ता झाडणारा रेनातो सोरिझो झाडू घेऊन सांबा नाचतो, शेवटी पेले येतो. मध्ये मारिसा येते, इमांजा या समुद्रदेवीच्या वेशात, आणि गाते ब्राझीलचा शास्त्रीय संगीतकार व्हिला-लोबोस याचं 'बाकियानास ब्राझिलेइरास क्रमांक ५'.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ही रचना एक सोप्रानो आणि आठ चेलो यांच्यासाठी आहे. पहिला भाग १९३८ चा. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसता 'आ'. चाल लांबच लांब, श्वास कुठे घ्यायचा ते शोधावं लागतं, आणि एक चेलो तीच चाल खालच्या सप्तकात सोबत घेऊन चालतो, म्हणजे सूर जरा हलला तर लगेच कळतं. मग मधला शब्दांचा भाग, आणि शेवटी पहिलीच चाल परत येते ती ओठ मिटून, गुणगुणत. तिथला शेवटचा उंच स्वर बंद तोंडाने लावणं म्हणजे काय, ते एकदा घरी करून बघा. काकांनी उल्लेख केलेल्या बिदू सायाऊने ही चाल १९४५ मध्ये खुद्द व्हिला-लोबोसच्या हाताखाली ध्वनिमुद्रित केली होती, आणि आजही लोक त्याच ध्वनिमुद्रणाशी तुलना करतात.

मारिसाने स्टेडियममध्ये त्यातला तुकडाच गायला, आणि तिच्या मागोमाग रॅपर बेनेगाउं आला. पण अख्ख्या देशात पॉप गायिकांची कमतरता नसताना ही चाल तिच्याकडे का गेली असेल? पोर्तेलात बाकियानास शिकवत नाहीत, सातारकर.

---

मूळ_सातारकर

पाहिलं. आणि मग सायाऊचंही ऐकलं. सायाऊपुढे ही फिकी आहे, हे मी बोलणारच. मारिसा माइकवर गातेय, सायाऊचा आवाज त्या जुन्या खरखरीतूनही अंगावर येतो.

पण एक सांगतो. सायाऊने टिम माया गायला असता तर तो ऐकवला नसता.

---

सायली_ब

सातारकर, हे मी धाग्याच्या मथळ्यावर लावू का? :D

ज्यांनी कुठून सुरुवात करू असं विचारलंय (व्यक्तिगत निरोप पण आलेत), त्यांच्यासाठी माझा क्रम. पहिल्या अल्बमपासून सुरू करू नका, तो सगळ्यात शेवटी. १९९४ च्या अल्बमपासून करा. त्याचं नाव म्हणजे नुसती रंगांची रांग आहे: हिरवा, निळा, पिवळा, गुलाबी आणि कोळसा. त्यात पाउलिन्यो दा व्हियोलाचं 'दान्सा दा सोलिदाउं' आहे, गिल्बेर्तो गिलच्या सोबतीने. कार्लिन्योस ब्राउनचं दुष्काळावरचं 'सेगि उ सेकु' आहे, जोर्जे बेनचं एक मस्तीखोर गाणं आहे, आणि मधेच वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडचं 'पेल ब्ल्यू आइज'. ते इंग्रजी गाणं ती जवळजवळ कानात बोलल्यासारखं गाते. खर्ज म्हणतात तो विझणारा स्वर तिथे स्पष्ट सापडेल. मग 'तुदु अझुल', मग 'माइस', मग त्रिबालिस्तास. २०२१ चा 'पोर्तास' मला ठीकठाक वाटला, महामारीच्या काळातला आहे, जरा सगळं गोडगोड आहे त्यात.

---

साओपावलोतून

'पोर्तास' ला ठीकठाक म्हणल्याबद्दल निषेध. हेडफोनवर ऐका, ब्लूटूथ स्पीकरवर नको. त्यातल्या तंतुवाद्यांची मांडणी मोबाइलच्या स्पीकरवर पार वाहून जाते.

---

सायली_ब

हेडफोनवरच ऐकलाय हो. मत कायम.

---

पाऊसवेडी

मी 'सेगि उ सेकु' वर अडकलेय. ताल ऐकून आधी वाटलं नाचायचं गाणं आहे, मग विषय कळला. तो पोर्तेलाच्या म्हाताऱ्यांचा माहितीपट कुठे बघायला मिळेल? सबटायटल्स असतील तर बरं, आमचं पोर्तुगीज 'ओब्रिगादा' पाशी संपतं.

---

फोंड्याचा_बाब

पणजीला असाल तर सांगा, एकत्र बसून बघू. सबटायटल्स मिळाली नाहीत तर मी आहे. अडखळत का होईना, सांगेन.